अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

काळेवाडीत संध्याकाळी पायी निघालं की वाचायला भरपूर मिळतं. विजेचे खांब, बंद दुकानांची शटरं, रसवंतीशेजारची भिंत, सगळीकडे कागद चिकटवलेले. 'रूम भाड्याने देणे आहे.' 'वन आरके, पाणी भरपूर.' 'फक्त फॅमिलीसाठी.' 'बॅचलर चालतील, पण...' आणि त्या 'पण'च्या पुढचं पावसाने धुऊन नेलेलं. मी थांबून थांबून हे वाचतो. सौ. तोवर फाट्यापर्यंत पोचलेली असते.

मागच्या वर्षी भाचा चाकणच्या एका कंपनीत लागला. खोली बघायला मी बरोबर होतो. तीन ठिकाणी बोलणी झाली, तिन्ही ठिकाणी भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं, संडास आत की बाहेर तेही वेगळं. पण करार मात्र अकराच महिन्यांचा. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "मामा, अकराच का? बारा का नाही?" मी उत्तर सुरू केलं तर ते मुंबईवरून थेट १९१५ सालच्या ग्लासगोपर्यंत गेलं, आणि त्याची कंपनीची बस आली. तेव्हा राहिलेलं इथे लिहितोय. लांबलंय. चहा घेऊन बसा.

तर ग्लासगो. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिथे जहाजं आणि दारूगोळा बनवायला कामगारांची रीघ लागली. खोल्या तेवढ्याच, माणसं दुप्पट. घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष एकतर आघाडीवर किंवा कारखान्यात, त्यामुळे भांडायला बायका उभ्या राहिल्या. मेरी बार्बर नावाच्या बाईंनी पुढाकार घेतला, हजारो घरांनी वाढीव भाडं द्यायचं नाकारलं आणि १९१५ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारला भाडं गोठवणारा कायदा करावा लागला. युद्ध संपेपर्यंतची तात्पुरती सोय, असं म्हणून.

मुंबईत तेच चित्र होतं. युद्धामुळे बांधकामं थांबलेली, गिरण्या जोरात, कोकणातून आणि घाटावरून माणसं येतच होती. १९१८ मध्ये मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा युद्धकालीन कायदा केला आणि १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडं होतं ते प्रमाण धरलं. हाही तात्पुरताच. १९२० च्या दशकात तो हळूहळू उठलाही. पण एकदा वाट पडली की पडली. दुसरं महायुद्ध आलं, पुन्हा कायदे झाले, आणि मग आला तो थोरला, १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. फाळणीचं वर्ष, शहरांत निर्वासितांची गर्दी. आपल्या पिंपरी कॅम्पातली सिंधी मंडळी आली ती याच काळात. १३ फेब्रुवारी १९४८ ला हा कायदा लागू झाला, आणि त्यात भाडं धरलं ते १ सप्टेंबर १९४० चं. म्हणजे आजचा भाव आठ वर्षं जुन्या पाटीवर लिहिलेला. (तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदत वाढवत वाढवत बावन्न वर्षं जगला. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य दांडगं असतं, काळेवाडीतल्या पत्र्याच्या खोल्या बघा.)

कायद्याचा गाभा साधा होता. भाडेकरू ठरलेलं भाडं देतोय आणि अटी पाळतोय तोवर मालकाला त्याला काढता येणार नाही. काढायचंच तर कारण हवं आणि ते कोर्टात सिद्ध करायला हवं: भाडं थकवलं, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, शेजाऱ्यांना त्रास दिला, सहा महिने विनाकारण कुलूप लावून ठेवलं, किंवा मालकाला स्वतःला खरोखरच जागा लागते आहे. भाडेकरू गेला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे हक्क जायचा. भाड्याव्यतिरिक्त पागडी घेणं हा गुन्हा. दुरुस्ती मालकाने करायची.

कागदावर हे वाचताना छान वाटतं. प्रत्यक्षात काय झालं ते आमच्या घरातच बघायला मिळालं, कारण आजोबांचं बिऱ्हाड पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात होतं.

दोन खोल्या, मधे लाकडी जिना, खाली चौकात हौद आणि नळ. भाडं महिना अठरा रुपये. आजोबा गेल्यावर ते बाबांच्या काकांकडे चालू राहिलं, आणि अठराचे फार तर बावीस झाले असतील. मालकीणबाई खालच्या दोन खोल्यांत राहायच्या. एकट्या. वाड्यात सगळी मिळून नऊ बिऱ्हाडं. आता हिशोब करा: नऊ बिऱ्हाडांचं महिन्याचं भाडं जमवलं तरी पावसाळ्यापूर्वीची शाकारणी त्यात होत नसे. कौलं उतरवून परत बसवायला गडी मिळत, पण त्यांची मजुरी काही १९४० ची नव्हती! मग गळायचं. वरच्या खोलीत पातेली, खालच्या खोलीत बादल्या. आमची आजी मालकीणबाईंना रोज टोमणा मारायची आणि संक्रांतीला त्यांनाच आधी तिळगूळ द्यायची.

आत्या हे वाचेल तेव्हा म्हणेल की मी मालकीणबाईंची बाजू घेतोय. तसं नाही. आजोबा शाळामास्तर होते, चार मुलं होती, आणि त्या अठरा रुपयांच्या भाड्यामुळेच ती चारही मुलं शिकली. हा कायदा नसता तर आमचं घर कुठल्या कुठे फेकलं गेलं असतं हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच अठरा रुपयांनी वाडा मातीत घातला हेही तितकंच खरं. सरकारने मास्तरला स्वस्त घर दिलं, आणि त्याचं बिल एका विधवा बाईच्या नावावर फाडलं. मुंबईत या गळक्या इमारती पडायला लागल्या, माणसं मरायला लागली, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर घेऊन सरकारला दुरुस्तीत उतरावं लागलं. ती सोय मुंबई शहरापुरती होती. पुण्यातले वाडे आपले आपणच खचत राहिले.

आता अकरा महिन्यांकडे येतो.

'भाडेकरू' या शब्दाला एवढी ताकद मिळाल्यावर मालकांनी काय केलं असेल? शब्दच वापरायचा सोडला. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात लायसन्स नावाची चीज होती, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करायची नुसती परवानगी. जागेत हक्क काही नाही. हॉटेलात खोली घेतो तसं. वकिलांनी ती शोधून काढली आणि 'लीव्ह अँड लायसन्स' जन्माला आलं. राहणारा तोच, खोली तीच, दर महिन्याला पैसेही तेच. पण कागदावर तो भाडेकरू नाही, परवानाधारक. आणि जोडीला अकरा महिने, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा किंवा वर्षावर बांधलेला भाडेपट्टा नोंदवावा लागतो. अकरा महिने लिहिले की नोंदणी नको. स्टॅम्पपेपर, दोन सह्या, दोन साक्षीदार, झालं. बाराव्या महिन्यात नवा कागद.

बारा का नाही याचं उत्तर एवढंच आहे. गंमत पुढे आहे.

हे लायसन्स प्रकरण इतकं वाढलं की सरकारने १९७३ मध्ये कायदा बदलला आणि सांगितलं, १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं आणि जे जागेत राहत होते ते सगळे आपोआप भाडेकरू. एका तारखेत पाहुण्याचा जावई झाला. जे आत होते त्यांचं भलं झालं. जे बाहेर होते त्यांचं काय? मालकांनी धसकाच घेतला. पुढे कितीतरी वर्षं मुंबई-पुण्यात लोक फ्लॅट कुलूप लावून ठेवत, पण भाड्याने देत नसत. बाबांच्या पिढीत 'जागा भाड्याने दिली की गेली' हे वाक्य मी अशा लोकांच्या तोंडून ऐकलंय ज्यांच्याकडे भाड्याने द्यायला पडवीसुद्धा नव्हती. १९८७ मध्ये मुदत संपलेल्या लायसन्सवाल्याला लवकर बाहेर काढायची तरतूद आणली, तरी तो धसका गेला नाही.

शेवटी सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले. 'मलपे विश्वनाथ आचार्य' या प्रकरणात १९ डिसेंबर १९९७ ला निकाल आला की भाडं वर्षानुवर्षं गोठवून ठेवणाऱ्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपतच होती म्हणून न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या नाहीत, नवा विचार करा एवढं बजावलं. त्यातून आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. लागू झाला ३१ मार्च २००० पासून. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण ठेवलं, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पागडीला कायदेशीर केलं, आणि लीव्ह अँड लायसन्सला कायद्यात हक्काची खुर्ची दिली. मुदत संपली की परवानाधारकाने जागा सोडायची. नाही सोडली तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई.

म्हणजे पन्नास वर्षांत लंबक पार या टोकाकडून त्या टोकाला. माझे आजोबा ज्या खोलीतून हलवता येत नव्हते, तसल्याच खोलीत भाचा अकरा महिन्यांचा पाहुणा.

काळेवाडीचा या सगळ्याशी काय संबंध, असं विचाराल. सांगतो.

पवनेच्या अलीकडे पिंपरी, पलीकडे आम्ही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, भोसरीला एमआयडीसी. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. कामगारांना कारखान्याजवळ घरं मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निघालं. घरं झाली, पण माणसं जास्त वेगाने आली. साताऱ्याहून, सोलापूरहून, मराठवाड्यातून, पुढे यूपी-बिहारमधून. त्यांना प्राधिकरणाच्या सोडतीची वाट बघत थांबता येत नव्हतं. संध्याकाळी ट्रंक ठेवायला जागा हवी होती. ती जागा काळेवाडी, थेरगाव, रहाटणीच्या शेतकऱ्यांनी दिली. आधी गोठ्याशेजारी पत्र्याच्या चार खोल्या. मग रान गुंठ्या-गुंठ्याने विकलं.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तुकडेबंदीचा कायदाही १९४७ चाच (त्या साली आपल्या आमदारांनी फारच मेहनत घेतली होती), त्यामुळे असा तुकडा सरळ खरेदीखताने नावावर होत नव्हता. स्टॅम्पपेपरवर साठेखत, कुलमुखत्यारपत्र, आणि सातबारावर नाव जुन्याच मालकाचं. त्यावर घर, घरावर मजला, मजल्यावर भाड्याच्या खोल्या. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, २०२१ मध्ये त्याची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. अवैध बांधकामांवर शास्तीकर लागला, बरीच वर्षं डोक्यावर राहिला, २०२३ मध्ये माफ झाला. २०१७ मध्ये रिंगरोडच्या रेषेत घरं येतात म्हणून आमच्या भागातली माणसं महिनोन्‌महिने आंदोलनं करत होती. २०२१ मध्ये तर प्राधिकरणच विसर्जित झालं.

बाबा १९७० च्या दशकात कारखान्यात लागले आणि इथल्याच एका शेतकऱ्याच्या खोलीत राहिले. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. करार नाही, पावती नाही. खिळ्याला एक वही टांगलेली, तिच्यात भाड्याची तारीख आणि दुधाचा रतीब एकाच पानावर. पुढे बाबांनी अर्धा गुंठा घेतला, घर बांधलं, आणि आता वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने देतो. तेव्हा मी दोन्ही बाजूंनी बोलू शकतो, असं मला तरी वाटतं.

काळेवाडीतला घरमालक भाडेकरूला कागद द्यायला का घाबरतो, हे त्यामुळेच मला कळतं. एक तर पुण्याच्या वाड्यांमधून आलेली ती जुनी भीती, जागा गेली की गेली. ही भीती अशा माणसांनी वारशाने घेतली आहे ज्यांचा जुन्या कायद्याच्या भाडेकरूशी कधी संबंधच आला नाही. आणि दुसरं, ज्याचा स्वतःचा कागद कच्चा तो दुसऱ्याला पक्का कागद देताना हात आखडतोच. नोंदणी करायला गेलो तर सातबारा मागतील, प्लॅन मागतील, महापालिकेला कळेल, टॅक्स वाढेल. (खरं तर लायसन्सच्या करारासाठी बहुतेक वेळा टॅक्स पावती किंवा लाईट बिल दाखवून काम होतं. पण भीतीला कागदपत्रं लागत नाहीत.) मग तोंडी व्यवहार. फार तर शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोंदणी न केलेला करार, तोही झेरॉक्सच्या दुकानात नाव बदलून छापलेला.

पण १९९९ च्या कायद्यातलं पंचावन्नावं कलम फारसं कोणी वाचत नाही. ते म्हणतं: भाड्याचा असो की लायसन्सचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. महिने अकरा असोत की तीन, सुटका नाही. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: करार नोंदवलेला नसेल तर अटी काय होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत.

थांबून विचार करा याचा अर्थ काय होतो. नोंदणी टाळण्यासाठी जन्माला आलेले अकरा महिने २००० सालापासून महाराष्ट्रात निरुपयोगी आहेत. लायसन्सचा करार पाच वर्षांपर्यंतचाही नोंदवता येतो. आता ऑनलाइन होतो, अंगठा द्यायला एजंट घरी येतो. तरी सगळे अकराच लिहितात, कारण अकराच लिहायचे असतात. आणि जो मालक 'कागद केला तर जागा जाईल' म्हणून कागद करत नाही, तो नेमकी ती वाट उघडी ठेवतो जिची त्याला भीती आहे. नोंदवलेल्या लायसन्सचा कागद मालकाला जितका राखतो तितकं दुसरं काहीच राखत नाही.

आणि राहणाऱ्याचं? इथे उलटं आहे. दुरुस्तीची, पावतीची, पाणी-वीज न तोडण्याची कलमं कायद्यात आहेत, चांगली ठणठणीत आहेत. मालक दुरुस्ती करत नसेल तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. भाड्याची पावती न देणाऱ्या मालकाला दंड. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास या आवश्यक सेवा कारणाशिवाय बंद केल्या तर कोर्ट त्या सुरू करायला लावू शकतं. पण ही कलमं 'भाडेकरू' या शब्दाभोवती लिहिलेली आहेत, आणि कायद्याच्या व्याख्येत परवानाधारक वेगळा. त्याला मिळतं ते करारात लिहिलेलं असेल तेवढंच. आणि करार कोणी लिहिला? एजंटने, मालकाच्या सांगण्यावरून.

हे सगळं मला कायद्याची हौस म्हणून सुचलेलं नाही. आमच्या गल्लीत तीन वर्षांपूर्वी घडलं ते सांगतो, नावं गाव सगळं सोडून. एक कुटुंब सहा वर्षं एका खोलीत राहत होतं. तो कंत्राटी कामगार, ती दोन घरी स्वयंपाक करायची, थोरली मुलगी दहावीला. कागद कसलाच नाही. भाडं दर पाच तारखेला रोख. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, जागा हवी होती. गरज खरी होती, खोटं बोलत नव्हता तो. पण एका रविवारी येऊन म्हणाला, महिनाअखेर खाली करा. फेब्रुवारी चालू होता. यांनी परीक्षा संपेपर्यंत मुदत मागितली. चौथ्या दिवशी त्या खोलीचं पाणी बंद झालं. मोटर बिघडली, असं सांगितलं. शेजारच्या खोलीत मात्र पाणी येत होतं. आठवडाभर त्या मुलीने सार्वजनिक नळावरून हंडे आणले, मग एका रात्री टेम्पो आला आणि ते रहाटणीला गेले. डिपॉझिटमधून रंगाचे आणि एका तुटलेल्या सिंकचे पैसे कापले.

मला कळलं तेव्हा टेम्पो भरून झाला होता. जाताना त्या बाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "आपल्याकडे कागद नाही ना ताई, आपण काय बोलणार?"

हेच ते. सगळ्या गल्लीची हीच समजूत आहे, त्या मालकाचीसुद्धा. कागद नाही म्हणजे हक्क नाही. कायद्यात याच्या जवळजवळ उलट आहे. कागद नव्हता म्हणून त्यांचा शब्द वरचढ होता. आम्ही भाडेकरू आहोत असं त्यांनी म्हटलं असतं, तर तसं नाही हे मालकाला सिद्ध करावं लागलं असतं. पाणी तोडणं तर सरळ गुन्ह्याच्या पदरात. मालकाला जागा मिळाली असती, पण कोर्टात स्वतःची गरज सिद्ध करून. दहावीची परीक्षा तेवढ्यात सहा वेळा होऊन गेली असती. अर्थात दोन घरी स्वयंपाक करणारी बाई वकील कुठून लावणार, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण निदान त्या रात्री कोणीतरी मालकाला जाऊन सांगितलं असतं की बाबा, यात तुझीच मान अडकते, तर त्याने मोटर दुरुस्त केली असती असं मला वाटतं. तो काही राक्षस नव्हता. त्याच्या आजोबांना विचारूनच लोक विहिरीवर पाणी भरायचे. पाणी आपलं, द्यायचं तर देऊ, ही भावना रक्तातली आहे.

भाडेकरूंचंही एक सांगतो, नाहीतर माझ्या घरमालक मित्रांना वाटेल हा पठ्ठ्या पार पलीकडे गेला. आमच्या वरच्या खोलीत एकदा दोन मुलांना जागा दिली, दोन महिन्यांत सात झाले. पोलिसांना द्यायची भाडेकरूंची माहिती दोघांचीच. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर आणि २०१० च्या जर्मन बेकरी स्फोटानंतर पोलिसांनी ही माहिती देण्याचं बरंच मनावर घेतलं आहे, आणि उद्या काही झालं तर चौकीत जायचं मी. गच्चीची टाकी सकाळी साडेसातला रिकामी. बोललो तर 'काका, गावाकडचा भाऊ आहे, चार दिवस' असं सातही जणांनी वेगवेगळं सांगितलं. परवानगीशिवाय दुसऱ्याला जागा देणं हे जुन्या कायद्यातही जागा जाण्याचं कारण होतं आणि आजच्याही आहे. जागा जपून वापरणं, भाडं वेळेवर देणं, जाताना जशी होती तशी परत करणं, यात अन्याय काही नाही.

डिपॉझिटचं मात्र महाराष्ट्राच्या कायद्यात काहीच बंधन नाही. जे ठरेल ते. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याएवढीच मर्यादा ठेवली आहे. पण तो मसुदा एखाद्या राज्याने स्वतःचा केला तरच तिथे चालतो. भाचा चाकणहून एका खोलीतून निघाला तेव्हा त्याचे अर्धे डिपॉझिट 'रंग' या एका शब्दात गेले. भिंतीला रंग होता तो त्याच्या आधीच्या माणसाच्या काळातला.

तेव्हा आमच्या वरच्या खोलीत यंदा लातूरकडचं जोडपं आलं, त्यांच्याशी मी करार केला तो असा: चोवीस महिने, नोंदवलेला. दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची सूचना. त्यांनी मुलाची शाळा काळेवाडीतच घातली आहे, त्यामुळे मुदत मार्चच्या मधे संपणार नाही अशी बेतली. मुख्य म्हणजे जे कायदा भाडेकरूला देतो आणि परवानाधारकाला देत नाही ते सरळ करारात लिहून घेतलं: पाणी आणि वीज भांडणातही बंद होणार नाही, गळती लागली तर कळवल्यापासून पंधरा दिवसांत मी बघणार, भाड्याची पावती दर महिन्याला. एजंट म्हणाला, काका हे असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, टाईप कर. सबमीटरचं पहिलं रीडिंग दोघांच्या सहीने लिहिलं, भिंतींचे फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवले. मोटर जळली तर कोणी भरायचं यावर दोन संध्याकाळी गेल्या, शेवटी निम्मे-निम्मे ठरलं. रंगाचं अजून ठरायचंय. त्या वहिनींचं म्हणणं, लहान मूल आहे, भिंती रंगणारच, आधीच सांगून ठेवते. माझं म्हणणं, निदान हॉलची सोडा. दिवाळीनंतर बसणार आहोत.